मंडळाचं उलथनं

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. तशी शपथच घातली होती मला, तीही उदबत्ती लावून. पण बाबा म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी अशीच शपथ घेतली आणि लेकाच्यांनी ती पाळली! म्हणून त्यांच्या पूजेत आत काय चालायचं ते आज कोणालाच कळत नाही आणि बाबांचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर अडून बसला आहे. पुढे दोन हजार वर्षांनी कोणी बिचारा बॉनमधल्या मराठी मंडळावर प्रबंध लिहायला बसला, तर त्याचे असे हाल होऊ नयेत म्हणून मी लिहिते आहे. तुमच्या वर्गाच्या हस्तलिखित अंकात खुशाल घाला. फक्त माझं नाव घालू नका.

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. आमच्या तळघरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठतात. एकेक नेऊन ठेवताना काही वाटत नाही. मग एक दिवस तळघराचं दारच उघडत नाही!

*

आधी बाबांचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा इथल्या युनिव्हर्सिटीत जुन्या ग्रीक शिलालेखांवर संशोधन करतात. राजांचे आणि लढायांचे शिलालेख नव्हेत. पंधरा-वीस माणसांनी जमायचं, आपला एक देव धरायचा, ठरल्या दिवशी त्याची पूजा करायची, मग जेवायचं, आणि आपले नियम दगडावर कोरून ठेवायचे, अशी खाजगी मंडळं तिकडे गावोगाव होती. एकाने दुसऱ्याच्या जागेवर बसू नये, मारामारी करू नये, परवानगीशिवाय बोलू नये, असे ते नियम. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून त्यांची भाषांतरं मी सुवाच्य उतरवून देते.

मी एकदा म्हटलं, "केवढे शिस्तीचे लोक होते ना!"

आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "शिस्तीचे असते तर 'मारामारी करू नये' हे दगडावर कशाला कोरलं असतं?"

बाबा एकदम उठून उभे राहिले. ते वाक्य त्यांनी प्रबंधाच्या प्रस्तावनेत घातलं. आईचं नाव घातलं नाही.

*

मंडळ काढलं पेठे काकांनी. ते इथे सगळ्यांत आधी आले, आणि इतकी वर्षं झाल्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःलाच "गेनाऊ!" म्हणतात, म्हणजे "अगदी बरोबर!" चहा पिता पिता त्यांनी बाबांकडून ग्रीक मंडळांची हकीकत ऐकली आणि कप खाली आपटला. "अहो, हे तर आपलंच आहे! आपणही काढू या मंडळ. पण असं शास्त्रशुद्ध, नियमांसकट. गेनाऊ!"

नऊ पुरुष जमले. देव म्हणून कॅलेंडरवरचा गणपती कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. जागा आमची बैठकीची खोली, कारण पेठे काकूंना त्यांच्या घरी गर्दी खपत नाही. स्वयंपाक आईचा. बायकांना सभासद करायचं का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा पेठे काका म्हणाले, "बायका आपल्या आहेतच की! त्यांना वेगळं सभासद कशाला करायचं?"

मला मात्र सभेत बसवलं, वृत्तांत लिहायला. मी हळूच विचारलं, "म्हणजे मी सभासद का?"

"नाही गं," पेठे काका म्हणाले, "तू अक्षर आहेस."

*

पहिल्याच रविवारी दुपारी दीड वाजता आरतीला घंटा वाजली आणि खालून घरमालकीण फ्राऊ श्मिट्झ वर आल्या. एक ते तीन या वेळात जर्मनीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. बाबांनी त्यांना गणपती, आरती, नैवेद्य सगळं जर्मनमध्ये समजावून सांगितलं. त्यांच्या भुवया वर वर चढत चालल्या.

मग पेठे काका पुढे झाले आणि एकच शब्द म्हणाले, "फेराइन." म्हणजे संस्था.

"आख् सो, फेराइन!" फ्राऊ श्मिट्झच्या भुवया झटकन खाली आल्या. "मग इतिवृत्त कोण लिहितं?"

मी वही दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली. समास पट्टीने आखलेला आहे ना, ते बोटाने तपासलं. मान डोलावली आणि खाली निघून गेल्या. गणपतीपुढे त्यांनी हात जोडले नाहीत, पण समासापुढे त्या नमल्या!

*

आता जागांचं ऐका.

ग्रीक नियमाप्रमाणे प्रत्येकाची जागा ठरली. खिडकीजवळची आरामखुर्ची पेठे काकांची. तिच्या उजवीकडे जोगळेकर काका. हे मंडळाचे शिस्तप्रमुख. पेठे काका शिंकायच्या आधी हे रुमाल काढतात. मग बाकीचे ज्येष्ठतेने. सगळ्यांच्या जागा ठरल्या तेव्हा खुर्च्या संपल्या होत्या आणि एकच माणूस उभा होता.

बाबा!

तेव्हापासून बाबा स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेटीवर बसतात. आणि पुढच्या सभेत पेठे काका त्यांना म्हणाले, "जरा पेटीवरून उठता का? माझी टोपी आत राहिली आहे."

*

ग्रीक मंडळांना सत्काराचं वेड होतं. खजिनदाराने खजिना सांभाळला, घाला त्याला मुकुट! पुजाऱ्याने पूजा केली, घाला मुकुट! वर त्या मुकुटाची सर्वांसमोर घोषणा. घोषणा करायला विसरला तर अधिकाऱ्यालाच शिक्षा. बाबांनी हे सांगितलं त्याच दिवशी मंडळात सत्कार सुरू झाले.

पहिला सत्कार पेठे काकांचा, अध्यक्ष व्हायचं कबूल केल्याबद्दल. दुसरा जोगळेकर काकांचा, पेठे काकांचं नाव सुचवल्याबद्दल. तिसरा आणखी एकाचा, त्याला अनुमोदन दिल्याबद्दल. पाचव्या महिन्यात फक्त दातार उरले. दातार म्हणजे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, वसतिगृहात राहतात आणि कायम भुकेले असतात. त्यांनी काहीच केलं नव्हतं. म्हणून "आतापर्यंत सत्कार न झाल्याबद्दल कुरकुर केली नाही" यासाठी त्यांचा सत्कार झाला. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे, समास सोडून.

मुकुट कशाचा? ग्रीक लोक आपल्या देवाच्या झाडाच्या पानांचा करायचे. जोगळेकर काकांनी इथल्या दुकानातून तमालपत्रं आणली आणि दोऱ्यात ओवली. सभा झाली की मुकुट आमच्याकडेच राहायचा.

पेठे काकांचा मान आम्ही मंगळवारी पुलावात घातला. सुगंध चांगला होता. थोडा त्यांच्या केसांच्या ब्रिलियंटाइनचा वासही आला.

*

एका ग्रीक मंडळाच्या नियमांत एक काठी आहे. बैठकीत कोणी गोंधळ केला की शिस्तप्रमुखाने देवाची ती काठी गुपचूप त्याच्याशेजारी ठेवायची. ज्याच्याजवळ काठी आली त्याने वाद न घालता उठायचं आणि दालनाबाहेर जायचं. ओरडणं नाही, भांडण नाही. बाबांना हे फार आवडतं. ते म्हणतात, "काय सभ्य पद्धत आहे!"

पेठे काकांनाही आवडली. पण काठी कुठली? छत्री ठेवून पाहिली, ती गडगडली. पट्टी माझी होती, ती मी दिली नाही. मग जोगळेकर काका स्वयंपाकघरात गेले आणि आईचं पितळी उलथनं घेऊन आले.

"अहो, ते माझं उलथनं आहे," आई म्हणाली.

"होतं, वहिनी," जोगळेकर काका म्हणाले. "आता ते मंडळाचं आहे."

उलथनं गणपतीपुढे ठेवून त्याला कुंकू लावलं. ते उलथनं आईने पुण्याहून आणलं होतं, आणि इथल्या दुकानांत जे मिळतं ते लाकडी असतं, त्याने धिरडं सुटत नाही. सहा महिने आमच्या घरी धिरडी झाली नाहीत. झाली, पण तव्यावरच राहिली.

*

इथपर्यंतचे किस्से हसण्यासारखे आहेत. पुढचेही आहेत, पण मी सगळीकडे हसले नाही.

लुडविग्सहाफेनहून एक पत्र आलं. लिहिणाऱ्यांचं नाव कांबळे. नागपूरचे, रसायनशास्त्राचे, तिकडच्या कारखान्यात संशोधनाला आलेले. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांनी लिहिलं होतं: "मला येऊन आठ महिने झाले. आठ महिन्यांत कोणाशी मराठी बोललो नाही. परवा स्टेशनवर एका सावळ्या गृहस्थांना आनंदाने 'किती वाजले हो?' असं विचारलं, ते इटालियन निघाले. आपल्या मंडळात महिन्यातून एकदा यायची परवानगी मिळेल का? कोपऱ्यात बसेन."

पत्र वाचून झालं. सगळे पेठे काकांकडे पाहू लागले.

जोगळेकर काका म्हणाले, "कांबळे म्हणजे... ते... बौद्ध झालेत ना आता?"

"तेच म्हणतो मी," पेठे काका म्हणाले. "आपलं मंडळ गणपतीचं. उद्या आरतीच्या वेळी त्यांच्या भावना दुखावल्या तर? आपल्याला त्यांच्याच भावनांचा विचार करायला हवा. गेनाऊ."

मी तेरा महिने त्या खोलीत बसते आहे. कोणी कोणाच्या भावनांचा विचार केल्याचं हे पहिलंच उदाहरण.

तेव्हा बाबा पेटीवरून उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत, पण त्या दिवशी दहा मिनिटं बोलले. किती ग्रीक मंडळांत परदेशी होते, बायका होत्या, एका मंडळाच्या नियमात तर देवाचं दार पुरुषांना, बायकांना, मालकांना आणि गुलामांना सारखंच उघडं आहे असं स्पष्ट कोरलेलं आहे. मला इतका अभिमान वाटला की माझी शाई सांडली.

"छान!" पेठे काका म्हणाले. "फारच अभ्यासपूर्ण. मग ग्रीकांसारखंच मतदान घेऊ या. गुप्त!"

*

ग्रीक लोक खडे टाकत. आम्ही बिया टाकल्या. होकाराला सोललेला बदाम, नकाराला कॉफीची बी. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात कॉफीचा एक रिकामा डबा ठेवला, शेजारी दोन वाट्या. एकेकाने जायचं, एक बी टाकायची आणि जागेवर येऊन बसायचं. नऊजण जाऊन आले. दातारांना थोडा वेळ लागला, ते बदाम खात होते.

डबा मी सगळ्यांसमोर वर्तमानपत्रावर उपडा केला.

बिया निघाल्या दहा! एक बदाम आणि नऊ कॉफीच्या.

"सभासद नऊ आणि मतं दहा?" जोगळेकर काका ओरडले. "कोणीतरी दोनदा नकार टाकला!"

"असू दे," पेठे काका म्हणाले. "तळमळ असते एकेकाची."

"आणि बदाम कोणाचा हे काही सांगायला नको," जोगळेकर काका हसून म्हणाले. सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला.

आरती नेहमीपेक्षा मोठ्याने झाली.

*

नकाराचं पत्र अर्थातच अक्षराला लिहावं लागलं. मजकूर पेठे काकांचा होता: "आपल्या श्रद्धांचा पूर्ण आदर राखून, जागेच्या अडचणीमुळे..." जागेची अडचण! ज्यांची जागा होती ते पेटीवर बसले होते.

पत्र मी टेबलावर वाळत ठेवलं. टिपकागद आणायला गेले आणि परत येऊन पाहते तर खाली आईच्या तिरक्या अक्षरात दोन ओळी वाढल्या होत्या.

"येत्या रविवारी दुपारी मी पिठलं करणार आहे. मी मंडळात नाही."

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काय बघतेस? पाकीट चिकटव."

*

तो रविवार मंडळाच्या सभेचाच होता, हे आईच्या लक्षात आलं नसेल असं मी म्हणणार नाही.

कांबळे अगदी बारीक आणि उंच आहेत. नेकटाय बांधून आले होते. दार जोगळेकर काकांनी उघडलं. ते जरा गडबडले आणि म्हणाले, "इथे आता आरती आहे. म्हणजे, गणपतीची..."

"हो का? चालू द्या," कांबळे म्हणाले. "माझं गणपतीशी काही काम नाही. मी पिठल्यासाठी आलोय."

आणि ते सरळ स्वयंपाकघरात गेले. आईने त्यांच्यापुढे लसूण ठेवला आणि म्हणाली, "सोला." ते सोलायला लागले आणि बोलायला लागले. आठ महिन्यांचं मराठी! भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. आई मध्ये मध्ये फक्त "मग?" म्हणत होती.

इकडे बैठकीच्या खोलीत पेठे काकांचा दुसरा सत्कार चालू होता. मंडळाचं पावित्र्य राखल्याबद्दल. मानपत्र सात पानांचं होतं. दुसऱ्या पानावर फोडणीचा आवाज झाला. बेसनाचा डबा आईने सणासाठी म्हणून पलंगाखाली ठेवला होता, तो उघडला होता. लसूण, हिंग, तिखट! राय नावाच्या काळ्या पिठाची भाकरी. ती फुगत नाही, पण भाजताना वास भाकरीचाच येतो. नऊजणांच्या नाकपुड्या एकदमच हलल्या. मी समोर बसते, म्हणून मला दिसतं.

तिसऱ्या पानावर दातार जोरात खोकले. मग शीळ घातली. सत्कार चालू असताना शीळ! जोगळेकर काकांनी उलथनं उचललं आणि त्यांच्याशेजारी ठेवलं. दातार नियमाप्रमाणे वाद न घालता उठले आणि दालनाबाहेर गेले.

दालनाबाहेर म्हणजे कुठे? आमच्या घरात बैठकीच्या खोलीबाहेर एकच खोली आहे!

दोन मिनिटांनी पलीकडून त्यांचा आवाज आला, "वहिनी, कांदा फोडून देऊ का?"

आता बाकीच्यांना नियम समजला. चौथ्या पानावर एकाने दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून पाहिलं. उलथनं. दोघे भांडले. उलथनं, पुन्हा उलथनं. एकाने तर उलथन्याची वाटच पाहिली नाही, तो स्वतःच उठून "मी गोंधळ केला असता" असं म्हणून गेला! बाबा पेटीवरून हळूच म्हणाले, "मला काही मुद्दा मांडायचा आहे," आणि मुद्दा न मांडताच गेले. त्यांना अनुमोदन द्यायला आणखी एकजण गेला. सहाव्या पानावर खोलीत पेठे काका, जोगळेकर काका, गणपती आणि अक्षर एवढेच उरलो.

जोगळेकर काकांनी पेठे काकांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग त्यांनी उलथनं उचललं, स्वतःच्याच शेजारी ठेवलं, आणि मान खाली घालून निघून गेले.

पेठे काकांनी सातवं पान मला वाचून दाखवलं. ते पूर्ण वाचलं, हे मी मान्य केलं पाहिजे. मग मुकुट काढून खुर्चीवर ठेवला, उलथनं हातात घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सगळे जमिनीवर दाटीवाटीने बसले होते. कांबळ्यांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळला आणि ते थोडे सरकले.

"या," ते म्हणाले. "इथे जागा ठरलेल्या नाहीत. सरकून घ्यावं लागतं."

पेठे काका खाली वाकणार इतक्यात आई म्हणाली, "बसा हो. पण आधी माझं उलथनं द्या."

त्यांनी दिलं.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. मीही असंच म्हणणार होते. पण कोणीही कांबळ्यांना त्या पत्राबद्दल एक शब्द बोललं नाही. सगळ्यांनी दोनदा पिठलं मागून घेतलं, बोटं चाटली, नागपूरच्या संत्र्यांची चौकशी केली. कांबळेच जाताना दारात थांबले आणि आईला म्हणाले, "पत्रात लिहिलं नव्हतं, पण मतदान झालं असेल ना? माझ्या बाजूने कोणी होतं का हो?"

"एक होतं," आई म्हणाली.

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

बाबा तेव्हा त्यांचा कोट धरून उभे होते. ते कोट झटकायला लागले, त्यावर काही नव्हतं.

कांबळे गेल्यावर आई उलथन्यावरचं कुंकू राखेने घासून काढत होती आणि मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, "आई, तू सांगितलं का नाहीस, की बदाम बाबांचा होता?"

आई उलथनं घासतच राहिली. मग म्हणाली, "बोळातून येता-जाता डबा दिसत होता. बदाम मी टाकला."

मी अजून ताट पुसतेच आहे असं दाखवलं, पण मनात पुन्हा मोजत होते. बिया दहा. त्यांतला बदाम आईचा. उरल्या नऊ कॉफीच्या, आणि सभासद नऊ, म्हणजे पेटीवरच्या

बाबा हाक मारताहेत. "सुमे, झाला का गं वृत्तांत लिहून?"